कानातलं... असंही!

परवा दुपारी आमच्या मंडळात एक मुलगी आली. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले. माहेर कृष्णाकाठच्या एका खेड्यातलं, सासर आमच्या इचलकरंजीत, मागाच्या गल्लीत. आल्या आल्या रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, मला माहेरी पोचवा. सासूबाई दिवसभर माझ्यावर ओरडतात. भाजीत मीठ कमी असलं तरी सगळ्या गल्लीला कळतं. मी काही विचारलं तर उत्तरच देत नाहीत, सरळ तोंड फिरवतात."

पाणी दिलं, चहा दिला. अशा प्रकरणात पहिल्याच दिवशी कुणाची बाजू घ्यायची नाही, हे एवढ्या वर्षांत शिकले आहे. संध्याकाळी तिच्या घरी गेले. सासूबाईंनी हसतमुखाने दार उघडलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या वैनी, बसा की!"

मी बसले आणि मला सगळं कळलं. या बाईंनी वीस-बावीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरल्या आहेत. त्यांचा कान गेलाय. स्वतःचाच आवाज त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या मोठ्याने बोलतात. सुनेचा बारीक आवाज पोचतच नाही, म्हणून त्या उत्तर देत नाहीत. सुनेला वाटतं सासू रागावली. सासूला वाटतं सून तोंडातल्या तोंडात पुटपुटते, नक्की आपल्यालाच काहीतरी बोलत असणार. दोघींचाही दोष नाही. दोष त्या खडखडाटाचा. पण बॅग मात्र सुनेची भरली होती!

मैत्रिणींनो, तुमच्या-माझ्या गावात अशी किती भांडणं असतील, ज्यांचं मूळ मनात नसून कानात आहे?

मला हे इतक्या चटकन कळलं, कारण मी स्वतः अशाच घरात वाढले. माझे वडील मागावर होते. तीस वर्षं. आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलायचे. आईला शेजारीपाजारी "भांडखोर" म्हणत. बिचारी भांडायची नाही, फक्त वडिलांना ऐकू जावं म्हणून ओरडायची. मी बी. ए. झाले, पहिला वर्ग मिळाला, तेव्हा धावत येऊन वडिलांना सांगितलं. ते हसले, मान डोलावली, डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, त्यांना कळलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकलं, ते आईला विचारत होते, "पोरगी काय म्हणत होती गं दुपारी? पास झाली ना?"

ते आजही आठवलं की गलबलून येतं. त्यांना ऐकू येत नव्हतं याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त दुःख याचं की ऐकू येत नाही हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आणि आम्हीही विचारलं नाही. "मागवाल्याला कमीच ऐकू येतं," असं म्हणून सगळेच मोकळे.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली. विठ्ठलराव दातारांनी तो आणला, संस्थानचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी पाठबळ दिलं, आणि पंचगंगेकाठचं हे लहानसं गाव पुढे 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. या मागाने आम्हाला भाकरी दिली. माझं शिक्षण याच मागावर झालं. तेव्हा मागाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षं आपण कापड मीटरवर मोजलं, मजुरीही मीटरवर मोजली, आणि त्या मीटरमागे माणसाचा कान किती झिजला हे मात्र मोजलं नाही.

हा खडखडाट येतो कुठून? साध्या मागात धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकला जातो. लाकडी दांड्याचा फटका बसतो, धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो, तिथून परत फटका. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा! हा झाला एक माग. अशा वीस-पंचवीस मागांची शेड, वर पत्रा, चारी बाजूंना उघड्या भिंती. आवाजाला शोषून घेणारं काहीच नाही. तो पत्र्याला धडकून पुन्हा माणसाच्याच कानावर येतो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. याचं गणित आपल्या किराणाच्या गणितासारखं नाही, ते जरा समजून घ्यायला हवं. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. ९० डेसिबलचे दोन माग शेजारी लावले तर १८० होत नाहीत, ९३ होतात. ऐकायला तीनच आकडे वाढले वाटतं, पण त्या तीन आकड्यांत आवाजाची ताकद दुप्पट झालेली असते. म्हणून जगभरातले बहुतेक तज्ज्ञ असं सांगतात, की ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला फार तर आठ तास काम करावं. ८८ झालं की चार तास. ९१ झालं की दोन. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं!

आपल्याकडचे कारखान्याचे नियम याहून सैल. त्यांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार तास, १०० ला दोन तास अशी मर्यादा धरली आहे. बरं, तीच धरू. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज ९० च्या बराच वर, अनेकदा १०० च्या आसपास असतो. आणि आमच्याकडची पाळी असते बारा तासांची. दोन तासांच्या जागी बारा तास. महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस. वर्षानुवर्षं.

कानाचं काय होतं? आपल्या कानाच्या अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखा एक लहानसा भाग असतो. त्यात केसांसारख्या तंतूंच्या बारीक पेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूपर्यंत निरोप जातो. शेतातून रोज माणसं चालत गेली की गवत दबतं, रात्रभरात ते पुन्हा उभं राहतं. पण त्याच वाटेवरून रोज ट्रॅक्टर गेला तर? गवत कायमचं मरतं, पायवाट पडते. कानातल्या या पेशींचं तसंच आहे. आणि एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही, कुठला काढा नाही. कृपा करून कुणी कानात गरम तेल ओतू नका, लसणाची पाकळी घालू नका. त्याने मेलेली पेशी जिवंत होत नाही, असलेला कान मात्र बिघडतो.

आणखी एक गोष्ट. हे बहिरेपण एकदम येत नाही, आणि आलं तरी आधी कळत नाही. पहिल्यांदा जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. कुकरची शिट्टी, मोबाईलची रिंग, चिमणीची चिवचिव. मग बोलण्यातले 'स', 'श', 'फ', 'थ' हे वर्ण. 'साखर संपली' म्हटलं तर मधलंच काहीतरी ऐकू येतं. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीतला. म्हणून होतं काय, की घरच्या माणसाला मालकाचं बोलणं कळतं, पण बायकोचं कळत नाही! मग बायको म्हणते, "यांना बरोबर त्यांच्या सोयीचं तेवढं ऐकू येतं." नाही हो, सोय-गैरसोय काही नसते. कानच तेवढं आत घेत नाही. त्यात काहींच्या कानात सतत किर्रर्र आवाज येत राहतो. शेड बंद झाली, सुट्टी आली, घर शांत झालं, तरी कानातला माग काही थांबत नाही. रात्री झोप नाही, मग चिडचिड, मग दारू... पुढचं मी सांगायला नको. त्या वाटेवरच्या बायकाही मंडळात येतात.

हे काही आजचं ज्ञान नाही बरं का. १७०० साली इटलीत रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने व्हेनिस शहरातल्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय, की दिवसभर तांबं ठोकून ठोकून ही माणसं म्हातारपणी ठार बहिरी होतात. तीनशे वर्षांपूर्वी जे एका वैद्याला दिसलं, ते आपण अजून "कामाचा भाग" म्हणून सोडून देतो.

कायदा काय म्हणतो? आवाजामुळे आलेलं बहिरेपण हा आपल्या कायद्याने कामामुळे होणारा आजार मानला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात तो होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तिच्याही यादीत तो आहे. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने तो कळवायचा असतो. नुकसानभरपाईच्या यादीतही हे बहिरेपण आहे. पण गोम अशी, की विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणवून घ्यायला आता वीस कामगार लागतात. आमच्याकडच्या कित्येक शेडमध्ये पाच-सात माणसं. कुणाच्या घराच्या तळमजल्यावरच चार माग, नवरा एका पाळीला, मुलगा दुसऱ्या पाळीला, बायको कांड्या भरायला. इथे मालक कोण आणि मजूर कोण? कायद्याची कागदं या दारापर्यंत येतच नाहीत.

म्हणूनच दारातली बाई जागी व्हायला हवी, असं मला वाटतं.

आता हेही खरं, की पहिली जबाबदारी कामगाराची नाही. ती शेड चालवणाऱ्याची आहे. सैल झालेले भाग वेळेवर घट्ट करणं, तेल-ग्रीस देणं, झिजलेली रबरं-चामडी बदलणं, मागाच्या पायाखाली रबराचे जाड तुकडे घालणं, कांड्या भरायचं काम मागांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवणं. यातल्या बऱ्याच गोष्टींना लाखांचा खर्च येत नाही. नवे बिनधोट्याचे माग आले म्हणून शेड शांत झाली असंही समजू नये, त्यांचाही आवाज पुष्कळ असतो. मी एका शेडमालकाशी हे बोलले. माणूस वाईट नाही. हसून म्हणाला, "ताई, शेडचा आवाज बंद झाला म्हणजे धंदा बंद झाला समजा." मी म्हटलं, "दादा, आवाज बंद करा म्हणत नाही. माणसाच्या कानात शिरताना तो थोडा कमी व्हावा म्हणते." ते विचारात पडले. त्यांना स्वतःलाही मी दोनदा म्हटल्यावरच ऐकू गेलं होतं!

शेड सुधारेपर्यंत काय? तोवर कानातले बोळे. मऊ फोमचे, कुठल्याही बऱ्या औषधाच्या किंवा सुरक्षेच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. एक जोडी दोन-चार चहाच्या पैशांत येते. कापसाचा बोळा चालत नाही, त्यातून आवाज बिनदिक्कत आत जातो. आणि हे फोमचे बोळेही नुसते कानाला टेकवून उपयोग नाही. हात स्वच्छ धुवायचे. बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची. बोळा आत सारायचा आणि तीस आकडे मोजेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. तो आत फुगतो आणि नीट बसतो. नीट बसलेला बोळा पंधरा डेसिबल जरी कमी करू शकला, तरी १०० चे ८५ होतात. म्हणजे पंधरा मिनिटांचे आठ तास! पण पाळीभर घालायला हवा. अर्धी पाळी घातला आणि अर्धी पाळी खिशात ठेवला, तर फायदा अगदी थोडा उरतो. मळला, कडक झाला की टाकून द्यायचा. कान वाहत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

आमच्या गल्लीत बोळे वाटले तेव्हा सुरुवातीला सगळे हसले. एक काका म्हणाले, "अवो, मागाचा आवाज ऐकूनच कळतं कुठं बिघडलंय ते. कान बंद केला तर कापडात दोष येतील, मजुरी कापली जाईल." मुद्दा खोटा नाही. जुना कामगार कानाने माग चालवतो. पण बोळ्याने आवाज बंद होत नाही, फक्त उतरतो. आवाज बदलला तर तो बदल बोळ्यातूनही कळतो, आठ-पंधरा दिवसांत सवय होते. ज्यांचा कान आधीच बराच गेलाय, त्यांना मात्र अडचण होऊ शकते. अशांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि मी काकांना एवढंच म्हटलं, "कानाने माग चालवता ना? मग तो कानच राहिला नाही तर?" काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाई येऊन दोन जोड्या घेऊन गेल्या.

नव्याने कामाला लागलेल्या पोरांकडे तर जास्त लक्ष द्या. पहिल्या दहा वर्षांतच कानाचं नुकसान सगळ्यात वेगाने होतं. "अजून तरुण आहे, काय होतंय" असं म्हणू नका. आणि गरोदर बायकांनी शेडमध्ये कांड्या भरायला बसू नये. पोटातलं बाळ पाचव्या-सहाव्या महिन्यापासून ऐकू लागतं. आईच्या कानात बोळे असले तरी बाळाच्या कानाला त्याचा उपयोग नसतो. तान्ह्या बाळाची झोळी शेडमध्ये बांधणं तर आता थांबवायलाच हवं. ते बाळ खडखडाटात झोपतं, याचं आपण कौतुक करतो. पण झोपलेल्या बाळाचा कान झोपलेला नसतो.

हे फक्त मागवाल्यांचं आहे असंही नाही. तुमच्या गावात पिठाची गिरणी असेल, बचत गटाचं मिरची कांडप असेल, दगडाची खाण, लाकडाची वखार, भांडी ठोकणारे, वेल्डिंगचं दुकान, बँड-डीजेवर काम करणारी पोरं असतील. ओळखायची खूण सोपी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागत असेल, तर तिथला आवाज कानाला घातक आहे. काम संपल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटत असतील, किर्र आवाज येत असेल, तर कान आजच सांगतोय की सांभाळा.

तपासणी अगदी साधी आहे. कानाला मशीन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात आणि त्याचा आलेख काढतात. सुई नाही, दुखणं नाही. केंद्र सरकारचा बहिरेपणा टाळण्यासाठीचा कार्यक्रम २००६-०७ पासून सुरू आहे, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एकच लक्षात ठेवा, पाळी संपवून थेट जाऊ नका. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी जा, म्हणजे कानाची खरी स्थिती कळते. आणि यंत्र लावायला सांगितलं तर लाजू नका. चष्मा लावताना आपण लाजतो का? मग कानाला यंत्र लावताना कसली लाज?

त्या सासूबाईंना मी आणि त्यांची सून, दोघींनी मिळून तपासणीला नेलं. आलेख बघून डॉक्टर म्हणाले, यंत्र लागेल. बाहेर आल्यावर सून गप्प होती. मग तिने सासूबाईंसमोर उभं राहून, चेहऱ्याकडे बघत, सावकाश विचारलं, "आई, चहा घ्यायचा का?" त्या म्हणाल्या, "घेऊ की!" तेवढंच. बॅग आता रिकामी झाली आहे. सगळं गोड झालं असं नाही, खटके उडतात, पण निदान खऱ्या कारणावरून उडतात!

बहिऱ्या होत चाललेल्या माणसाशी मागून ओरडून बोलू नका. समोर या, उजेडात उभ्या राहा, सावकाश आणि स्पष्ट बोला. ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. माझ्या वडिलांशी मला हे करता आलं नाही. तुम्हाला करता येईल.

शेवटी एक मागणं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण हळदीकुंकू करतो. दरवर्षी प्रश्न पडतो, वाण काय द्यायचं? प्लास्टिकच्या वाट्या, गाळण्या, साबणाच्या डब्या घरोघरी पडून आहेत. आमच्या मंडळाने ठरवलंय, यंदा वाण म्हणून बोळ्यांची एक जोडी द्यायची, सोबत ती कशी घालायची याची चिठ्ठी. आणि हे वाण विधवा बहिणींनाही, कांडीवाल्या मावशींनाही. आपण बायका कानातल्याच्या फार हौशी. लेकीचे कान टोचतो तेव्हा सोन्याची तार घालून मिरवतो. मग घरच्या माणसांच्या कानात हे दोन-चार चहाच्या पैशांचं 'कानातलं'ही आपणच घालू या ना!

सोन्याचं हरवलं तर पुन्हा करता येतं. कान पुन्हा करून मिळत नाही.